पुण्याच्या धुरातून सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूड ते कॅम्प, एका बाजूने साधारण नऊ किलोमीटर. हा रस्ता मी चौदा वर्षं सायकलने करतोय. ऑफिसात हेल्मेट टेबलावर ठेवलं की कुणीतरी काहीतरी विचारतंच. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही. तब्येतीचा प्रश्न जिथे येतो तिथे तसं सांगितलं आहे.

इतक्या धुरात सायकल चालवून फायद्यापेक्षा तोटाच होत असेल ना?

पुण्यात तरी नाही. या प्रश्नाचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी मांडलं. व्यायामाचा फायदा एका पारड्यात, प्रदूषणाचा तोटा दुसऱ्यात, आणि किती वेळ सायकल चालवली की काटा उलटा फिरतो याचा त्यांनी हिशेब केला. हवेत पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण वर्षभर सरासरी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असतील, तर रोज दीड तासापर्यंत सायकल चालवणारा फायद्यात राहतो. त्या वेळच्या दिल्लीचा आकडा याहून दीडपट होता. तिथेही आठवड्याला पाच तासांच्या पुढे गेल्यावरच तोटा जड होतो, असं त्यांचं गणित सांगतं.

पुण्याची वार्षिक सरासरी शंभराच्या बरीच खाली असते. ऑफिसला जाऊन यायला तासभर लागत असेल तर काळजीचं कारण नाही. हा हिशेब सरासरी निरोगी माणसाचा आहे आणि वर्षभराचा आहे, एवढं मात्र लक्षात ठेवा. डिसेंबरातली एखादी वाईट सकाळ किंवा दमा असलेली छाती यांचा विचार वेगळा करावा लागतो. तो पुढे येतोच.

गाडीत बसलेल्या माणसाला कमी धूर लागतो, बरोबर?

काचा उघड्या असतील तर नाही. गाडी रस्त्याच्या मधोमध, पुढच्या गाडीच्या नळकांड्यामागे उभी असते आणि तीच हवा आत येते. काचा बंद करून एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवला तर कण कमी होतात, हे खरं. रिक्षा आणि स्कूटर यांना कसलाच आडोसा नाही.

सायकलवाल्याची खरी अडचण श्वासाची आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. पॅडल मारताना तोच आकडा तीस-चाळीसवर जातो, चढावर त्याहूनही वर. शिवाय दम लागला की आपण तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकातली चाळण चुकवून हवा थेट आत. म्हणून सपाटीवर उगाच जोर लावू नका. वेग वाढवून दोन मिनिटं वाचतात, पण श्वास त्याहून जास्त वाढतो. नाकाने श्वास घेता येईल आणि शेजारच्याशी बोलता येईल, एवढाच वेग शहरात पुरे.

पहाटेची हवा शुद्ध असते, म्हणून पहाटे पाचला निघतो. बरोबर ना?

हा सगळ्यात पक्का गैरसमज, आणि मीही कित्येक वर्षं तो बाळगून होतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ठीक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र पहाटच दगा देते.

पुणं टेकड्यांच्या मधल्या खोलगटात वसलंय. थंडीत आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि तिला लागून असलेली हवाही गारठते. वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो थर खालची हवा दाबून धरतो. वारा नसतो. रात्रभरच्या ट्रकांचा धूर, शेकोट्या आणि पहाटे झाडून पेटवलेला पाचोळा, सगळं त्या झाकणाखाली साठत जातं. सकाळी सातच्या सुमारास वेताळ टेकडीवर उभं राहून शहराकडे बघा. जो करडा पट्टा दिसतो त्याला लोक कौतुकाने धुकं म्हणतात. त्यात धुकं थोडंसंच असतं.

ऊन चढलं, जमीन तापली की झाकण उघडतं. साधारण नऊ-दहानंतर हवा वर जायला लागते आणि थंडीत दुपार ही दिवसातली सगळ्यात बरी वेळ ठरते. ऑफिसच्या वेळा आपल्या हातात नसतात, मान्य. पण रविवारची मोठी फेरी जानेवारीत पहाटे साडेपाचला काढण्याचा हट्ट तरी सोडता येतो. आमच्या गटाने ती आठवर ढकलली तेव्हा निम्म्यांनी नाकं मुरडली. नंतर झोप मिळते म्हणून सगळेच खूश.

मग वर्षभराचं गणित कसं बसवायचं?

जून ते सप्टेंबर हवा उत्तम असते. पाऊस कण खाली बसवतो आणि नैर्ऋत्येचा वारा उरलेले घेऊन जातो. तेव्हा काळजी खड्ड्यांची करा.

ऑक्टोबर फसवा आहे. पावसात खड्ड्यांतून वाहून आलेली माती आणि खडी रस्त्याच्या कडेला साठलेली असते, आणि कडा म्हणजे आपलीच जागा. ऊन पडलं की तिची धूळ होते आणि प्रत्येक बस ती अंगावर उडवते. पाठोपाठ दिवाळी. लक्ष्मीपूजनाची रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ सायकल घरीच ठेवा, इतकं सरळ आहे.

थंडीचं वर सांगितलं. मार्च ते मेमध्ये कण कमी असले तरी कडक उन्हात धुरातल्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि दुपारी तो वाढतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. तेव्हा सकाळच बरी. थोडक्यात, थंडीत दुपार आणि उन्हाळ्यात सकाळ. नेमका आपल्या सवयीच्या उलट हिशेब थंडीत होतो.

मोबाइलवर हवेचा आकडा बघतो, पण दोन ॲप दोन आकडे दाखवतात. खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात, कारण मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) २०१४ साली ठरला. त्यात ० ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. बरीच परदेशी ॲप अमेरिकेची पट्टी लावतात आणि ती कडक आहे. हवेत पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम असतील तर आपल्याकडे निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ म्हणवते. त्याच हवेला अमेरिकन पट्टी दीडशेच्या वर नेऊन लाल रंग देते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा तर चोवीस तासांना १५ मायक्रोग्रॅमची आहे. आपली ६०. ‘समाधानकारक’ या शब्दाने किती समाधान मानायचं ते तुम्ही ठरवा.

दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर कणांचा निर्देशांक मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. म्हणजे सकाळी आठला दिसणाऱ्या आकड्यात कालची दुपारही मिसळलेली असते. आत्ता या क्षणी बाहेर काय आहे, ते त्यात दिसत नाही. निघायचं की नाही हे ठरवायला तासाचा आकडा शोधा.

आणि स्टेशन कुठलं ते बघा. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने चालवलेल्या ‘सफर’ या हवा मोजणाऱ्या यंत्रणेची केंद्रं शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, हडपसर, भोसरी, निगडी अशी विखुरलेली आहेत. पाषाणच्या झाडीतला आकडा वाचून हडपसरला निघणाऱ्याला तो काय कामाचा?

कोणत्या आकड्याला सायकल घरी ठेवायची?

माझा नियम सांगतो, तो शास्त्र नव्हे. भारतीय निर्देशांक दोनशेच्या आत असेल तर नेहमीसारखा जातो. दोनशेच्या वर गेला तर मास्क, आतला रस्ता आणि निम्मा वेग. तीनशेच्या वर बस किंवा मेट्रो. माझ्या रस्त्यावर तीनशेची वेळ वर्षातून फार थोड्या दिवशी येते. दमा किंवा हृदयविकार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, ते डॉक्टरांबरोबर बसून ठरवा.

रस्ता बदलल्याने खरंच फरक पडतो का? वळसा पडतो तो वेगळाच.

मास्क, गोळ्या, काढे या सगळ्यांपेक्षा जास्त पडतो. एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

गाडीच्या धुरातले सगळ्यात बारीक कण आणि काजळी मुख्य रस्त्यापासून दूर जाल तसे झपाट्याने विरळ होतात. शे-दीडशे मीटर आत, मध्ये इमारतींची एक रांग आली, की फरक नाकालाही कळतो. म्हणून मुख्य रस्त्याला समांतर गल्ली शोधायची.

माझंच उदाहरण घ्या. सरळ रस्ता म्हणजे कर्वे रस्ता. वर मेट्रोचा मार्ग, नळ स्टॉपला त्याच्याच खाली गाड्यांचा पूल, दोन्ही बाजूंना उंच इमारती. पुलाखाली सिग्नलला उभं राहिलं की धूर वर जायला जागाच नसते. दोन-तीन वर्षं मी तिथूनच गेलो, कारण तो ‘सरळ’ होता. आता मयूर कॉलनीतून निघतो, पौड फाट्याच्या आसपास मोठा रस्ता एकदाच ओलांडतो, मग एरंडवण्यातल्या आतल्या गल्ल्या, विधी महाविद्यालय रस्ता पार केला की प्रभात रस्त्याच्या गल्ल्या आणि थेट डेक्कन. जुनी झाडं, बंगले, आणि फार तर एखादी शाळेची व्हॅन आडवी येते. वेळ सात मिनिटं जास्त लागतो. तेवढ्यात घरी दुसरा चहाही होत नाही.

डेक्कनच्या पुढे नदी ओलांडायची म्हणजे पूल आलाच, तिथे पर्याय नाही. पेठांमध्ये लक्ष्मी रस्त्यापेक्षा मागच्या बोळांतून गेलेलं बरं. दोन्ही बाजूंना उंच वाडे-दुकानं आणि मध्ये रांगणारी वाहनं अशा अरुंद रस्त्यात धूर अडकून बसतो.

गल्ली निवडताना आणखी दोन गोष्टी बघा. चढ टाळता आला तर टाळा, कारण चढावर तुमचा श्वास आणि गाड्यांचा धूर दोन्ही एकदम वाढतात. आणि बांधकामं. जिथे नवी इमारत उठतेय तिथे राडारोडा, वाळूचे डंपर, सिमेंटचे मिक्सर आणि पाण्याचे टँकर येणारच. बाणेर, वाघोली, धायरी भागातल्या सायकलवाल्यांचा निम्मा त्रास टँकरचा आहे. एखादी गल्ली सहा महिने छान असते आणि मग तिथे जुनी सोसायटी पाडायला घेतात. गल्ली बदला, आकस धरू नका.

सायकल ट्रॅक आहेत की! त्यावरून का जात नाही?

२००६ साली बीआरटी म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली तेव्हापासून सातारा रस्त्याला, सोलापूर रस्त्याला ट्रॅक झाले. २०१७ साली शहराचा मोठा सायकल आराखडाही मंजूर झाला. जिथे ट्रॅक सलग आहे आणि त्यावर दुचाकी, वडापावची गाडी किंवा विजेचा डबा उभा नाही, तिथे मी जातो. धुराच्या दृष्टीने वाहनांच्या रांगेपासून दोन-तीन मीटर बाजूला सरकणंही उपयोगाचं असतं. फक्त असा सलग तुकडा सापडला की मोजून घ्या, तो लवकर संपतो.

सिग्नलला कुठे उभं राहावं?

सगळ्यांच्या पुढे. सायकल रांगेतून सरकत पुढे नेता येते, तो फायदा घ्या. सगळ्यात जास्त धूर थांबलेल्या गाड्या एकदम निघतात तेव्हा सुटतो आणि तेव्हा तुम्ही त्यांच्यामागे नसावं. पुढे जाणं शक्य नसेल तर डिझेलच्या ट्रक-टेम्पोमागे उभं न राहता एक गाडी सोडून मागे थांबा. पीएमपीच्या बऱ्याच बस आता सीएनजीवर आहेत, त्यांची काजळी कमी, वायू मात्र असतातच. डंपरच्या मागे कधीच नको, आणि त्याचं कारण फक्त धूर नाही.

मास्क कोणता घ्यावा?

एन ९५ किंवा त्याच तोडीचा युरोपीय मानकाचा एफएफपी २. भारतीय मानकाचा आयएस ९४७३ हा क्रमांक छापलेला बघून घ्या. एन ९५ चा अर्थ, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडतात. पण ते तोंडाला घट्ट बसला तरच. नाकावरची पट्टी दाबा, दोन्ही हातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली किंवा गालाला वारा लागला तर तुमचा ९५ पन्नासवरही नसेल. दाढी असेल तर कुठलाच मास्क नीट बसत नाही. दाढीवाल्या मित्रांनी यावर माझ्याशी बरेच वाद घातलेत, दाढी मात्र कुणी काढली नाही.

मास्क वायू अडवत नाही. नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन सगळे आरपार जातात. कोळशाचा थर असलेले मास्क वास थोडा कमी करतात, म्हणून ते जास्त शुद्ध वाटतात.

आणि आपला नेहमीचा स्कार्फ?

पुण्यातल्या स्कूटरवरच्या मुलींनी चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळण्याची जी कला विकसित केली तिला तोड नाही. ऊन अडतं, जाड धूळ अडते, ओळखीचे लोकही अडतात. पण माणसाचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा आणि आपला शत्रू अडीच मायक्रॉनच्या आतला. कापडाच्या विणीतून तो सहज जातो. ऑक्टोबरच्या धुळीला स्कार्फ चालेल, जानेवारीच्या धुराला नाही. सर्जिकल मास्कचंही तेच, त्याच्या बाजू उघड्या असतात.

मास्क धुतला तर चालतो का? किती दिवस वापरायचा?

धुवू नका. एन ९५ च्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्याला चिकटतात. साबणपाण्याने तो भार जातो, उरतं नुसतं कापड. दोन मास्क आलटून पालटून वापरा आणि मधल्या दिवशी कागदी पिशवीत वाळू द्या. पट्टे सैल झाले, आत मळ दिसला किंवा श्वास घ्यायला जड जायला लागलं की फेकून द्या. घामाने भिजलेला मास्क तसाच रेटू नका. बाहेर सोडणारी झडप असलेला मास्क सायकलवर जास्त सोसवतो, उष्णता कमी साठते.

चढावर मास्कमध्ये जीव घाबरा झाला तर सायकलवरून उतरा आणि हातात धरून चाला. त्यात कमीपणा नाही.

दमा आहे. सायकल चालवू का?

पुष्कळ दमेकरी चालवतात. पण आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रश्न नेमका विचारा: किती किलोमीटर, किती वाजता, कोणत्या रस्त्याने. रोजचा प्रतिबंधक पंप आपल्या मनाने बंद करू नका. तातडीचा पंप पाठीवरच्या सॅकच्या तळाशी न ठेवता हाताला लागेल अशा खिशात ठेवा. थंडीत गार हवाही त्रास देते, त्यामुळे पहाटे टाळण्याचं तुम्हाला दुहेरी कारण आहे. छातीत घरघर, दुखणं किंवा विश्रांती घेऊनही न उतरणारा दम, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबायचं. घरी पोहोचून बघू, असं करायचं नाही.

मुलाला पुढच्या सीटवर बसवून शाळेत सोडतो. चालेल?

आतल्या गल्ल्यांतून, बेताच्या हवेत चालेल. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. मोठ्यांचा एन ९५ त्यांना बसत नाही, सगळीकडून हवा शिरते. म्हणून त्यांच्यासाठी मास्कपेक्षा रस्ता महत्त्वाचा. शाळेच्या फाटकासमोर इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाड्यांची रांग असेल तर पन्नास मीटर अलीकडे उतरवून चालत न्या.

गूळ खाल्ला की धूळ निघून जाते म्हणतात.

धुळीत काम करणाऱ्यांना गूळ देण्याची पद्धत जुनी आहे. पण गूळ जठरात जातो आणि धूळ फुप्फुसात, त्यांची गाठ कुठे पडणार? गूळ-शेंगदाणे सायकलस्वाराला खायला उत्तम, ते भूक लागते म्हणून खा. घरी आल्यावर चूळ भरणं आणि नाक धुणं याने नाका-घशातली जाड धूळ निघते, बरंही वाटतं. जलनेती करत असाल तर पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, थेट नळाचं नको. फुप्फुसाच्या तळाशी गेलेल्या बारीक कणांपर्यंत यातलं काहीच पोहोचत नाही.

डोळे चुरचुरतात.

साधा पारदर्शक गॉगल, कडेने बंद असलेला. डोळे चोळू नका, धुवा.

रविवारी घाटात जातो, तिथे तर स्वच्छ हवा?

घाटात हो, घाटापर्यंतच्या रस्त्याचं तसं नाही. कात्रजला पोहोचेपर्यंत सातारा रस्ता पार करावा लागतो आणि तेव्हा ताज्या दमाने आपण जोर लावत असतो. तो टप्पा निवांत घ्या, जोर चढासाठी राखून ठेवा. जुन्या घाटातला बोगदा लहान आहे, पण आत ट्रक असेल तर तो बाहेर पडेपर्यंत अलीकडे थांबा.

गल्लीत रोज सकाळी पाचोळा पेटवतात. त्यांच्याशी भांडू का?

भांडून झालंय, उपयोग झाला नाही. जो झाडतो त्याला पाचोळा उचलून न्यायला कुणी गाडी देत नाही, म्हणून तो काडी लावतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, दंड ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर फोटोसकट तक्रार करता येते. आमच्या गल्लीत फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने: एका सोसायटीने मागच्या अंगणात जाळीचा पिंजरा करून पाचोळा त्यात साठवायला सुरुवात केली. आता झाडणाऱ्या मावशी स्वतःहून तिथे नेऊन टाकतात आणि उन्हाळ्यात कुंड्यांना खत म्हणून लोक भांडून नेतात.

पावसात मास्क लावायचा का?

नको. भिजला की श्वासच घेता येत नाही. मडगार्ड लावा.